अकरावं दशक

वर्ष संपायला आलं की आपल्या बैठका मयतीला गेल्यासारख्या होतात. डिसेंबरची अखेर, विहारात सतरंजी टाकलेली, विषय जानेवारीच्या कार्यक्रमांचा. पण बोलणं सुरू होतं ते चळवळ कशी मेली इथून. गट किती झाले, कोण कुणाच्या दारात जाऊन बसला, कोण किती स्वस्तात गेला. चहा येतो, गार होतो. पन्नाशीतले कार्यकर्ते म्हणतात, आमच्या वेळी असं नव्हतं. पोरं गप्प बसतात आणि पुढच्या बैठकीला येत नाहीत. वर्गणीची वही तशीच कोरी राहते.

हे मी कल्याणला पाहिलंय, उल्हासनगरला पाहिलंय, कळव्यालाही पाहिलंय. दर वर्षाच्या अखेरीला तीच हळहळ. माझं म्हणणं एवढंच आहे की आपलं मोजणंच चुकतंय. आपण दुसऱ्याच्या कॅलेंडरावर आपलं वर्ष मोजतो आणि मग रडतो. आपलं वर्ष कुठून सुरू होतं, आपलं दशक किती लांबीचं असतं, हे एकदा नीट मांडून पाहू. मग रडायचं की काय करायचं ते ठरवू.

आपल्या या पट्ट्यात नवं वर्ष तीन वेळा येतं.

एक येतं ३१ डिसेंबरच्या रात्री. ठाण्याच्या मॉलबाहेर गर्दी, खाडीकडच्या हॉटेलांत गाणी, बारा वाजता फटाके. सकाळी रस्त्यावर बाटल्या, आणि त्या उचलायला आपलीच माणसं. झाडूवाल्याला एक जानेवारीची सुट्टी नसते.

दुसरं येतं गुढीपाडव्याला. डोंबिवलीत त्याची मोठी मिरवणूक निघते. आज गिरगावपासून ठाण्यापर्यंत ज्या नववर्ष स्वागतयात्रा निघतात, त्यांची सुरुवात डोंबिवलीतूनच झाली, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, तिथल्या गणेश मंदिराच्या पुढाकारानं. फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. फेटे, नऊवारी, ढोलताशे, बुलेटवरच्या बाया. ज्यांचं त्यांना लखलाभ. त्यांनी आपलं नवं वर्ष रस्त्यावर आणलं आणि संघटनेच्या जोरावर आणलं, एवढं मात्र पोरांनी बघून ठेवावं. शिव्या देऊन त्यातलं काही हाताला लागत नाही.

तिसरं नवं वर्ष आपलं. त्याला फेटा नाही की केक नाही. ते कल्याण स्टेशनवर उभं असतं.

कल्याण जंक्शन आहे. इथून एक रूळ मुंबईकडं जातो, एक कसाऱ्याकडं आणि एक कर्जतवरून पुण्याकडं. ५ डिसेंबरच्या रात्री या स्टेशनावर नांदेड, परभणी, जळगाव, नागपूरची माणसं उतरतात, आपल्या वस्त्यांतली माणसं त्यांच्यात मिसळतात आणि सगळे दादरच्या गाडीला लोंबकळतात. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, कडेवर पोर, पिशवीत भाकरी. चैत्यभूमीवर डोकं टेकायचं असतं. १९५६ च्या त्या दिवसाचं दुःख अजून ओलं आहे.

मग पंचवीस-सव्वीस दिवस जातात. त्याच स्टेशनावर, तीच माणसं, तीच पिशवी. पण आता गाडी उलट्या बाजूची. पुण्याला जायचं, पुढं नगर रस्त्यानं पेरणे फाटा, भीमा कोरेगावचा जयस्तंभ. कुणी ट्रेननं जातं, कुणी टेम्पो करून. बाप्यांच्या खांद्यावर निळे झेंडे, बायांच्या डोक्याला निळ्या पट्ट्या. ६ डिसेंबरला ज्या घशातून हुंदका निघाला, त्याच घशातून १ जानेवारीला घोषणा निघते.

माझ्या मायला एकदा विचारलं होतं, "माय, आत्ता तर दादरला जाऊन आलीस. आता परत कशाला एवढा खर्च?" ती म्हणाली, "तवा रडाया गेलते रं. आता सलामी द्याया चाललेय. रडून झालं की उठावं लागतं का नाय?"

मायला शाळा माहीत नव्हती. पण वर्ष कसं बदलायचं हे तिला बैठकीतल्या आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. दुःखाला एक दिवस, आणि सव्वीस दिवसांनी कूच. मध्ये २५ डिसेंबर, मनुस्मृती जाळल्याचा दिवस. पुढं ३ जानेवारी, सावित्रीबाईंचा जन्मदिवस. १४ जानेवारी, नामविस्तार दिन. २६ जानेवारी, संविधान लागू झालं तो दिवस. हे आपलं पंचांग. त्यात हळहळीची तिथी नाही.

आता हे पंचांग सुरू कुठून झालं ते बघा. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची. जयस्तंभावर मेलेल्या शिपायांची नावं आहेत, त्यांतली २२ नावं 'नाक' लागलेली. त्या लढाईचा अर्थ काय यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत, आपल्या माणसांतही चालू आहेत. चालू द्या. पण १ जानेवारी १९२७ बद्दल वाद नाही. त्या दिवशी बाबासाहेब तिथं गेले आणि आपल्या माणसांसमोर उभे राहिले. ज्या इंग्रजांच्या बाजूनं आपले लढले, त्या इंग्रजांनीच पुढं महारांना फौजेची दारं बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली आणि युद्ध सरल्यावर मोडून टाकली. म्हणजे बाबासाहेब ज्या स्तंभापाशी उभे होते, तिथं अभिमान होता आणि फसवणूकही होती. दोन्ही घेऊन ते उभे राहिले. वर्षाचा पहिला दिवस त्यांनी असा घालवला.

आणि मग ते वर्ष! २० मार्चला महाड, चवदार तळं. हजारो माणसं ओळीनं तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्याच दिवशी सवर्णांनी माणसं झोडपली, गावाकडं परतणाऱ्यांना वाटेत गाठून मारलं. तळ्यात शेण-गोमूत्र टाकून ते 'शुद्ध' केलं. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघालं. मे महिन्यात आपल्या या बदलापूरला शिवजयंतीच्या उत्सवाला बाबासाहेब अध्यक्ष म्हणून आले. ऑगस्टमध्ये महाडच्या म्युनिसिपालटीनं तळं सर्वांना खुलं करण्याचा १९२४ चा आपलाच ठराव मागं घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर सवर्ण कोर्टात गेले आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम घेऊन आले.

डोळ्यांपुढं आणा. माणसं तुरुंगात जायची तयारी करून आलेली. गावोगावची, पायी आलेली. परिषदेला मांडव घालायला गावात कुणी जागा देईना, एका मुसलमान गृहस्थानं दिली. आणि एवढं करून तळ्यावर जायचं नाही, कारण कोर्टाचा कागद आडवा आलेला. बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढं ढकलला. मिरवणूक तळ्याकडून गेली पण पाण्याला कुणी हात लावला नाही.

वर्षाची अखेर अशी. आपल्या आजच्या हिशेबानं हे वर्ष फुकट गेलं. मार्चमध्ये मार खाल्ला, ऑगस्टमध्ये ठराव गेला, डिसेंबरात मनाई आली. आपली बैठक असती तर चहा गार करून उठलो असतो. त्यांनी २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली. सहस्रबुद्ध्यांनी ठराव मांडला, चिता रचली आणि ज्या पुस्तकाच्या जिवावर तळं बंद होतं ते पुस्तकच आगीत घातलं. पाण्याला मनाई होती, आगीला नव्हती.

इथं मला एका पोराबद्दल सांगायचंय. नाव सांगत नाही, आमच्या वस्तीतलाच आहे. २०१८ च्या १ जानेवारीला कोरेगावला आपल्या माणसांवर दगडफेक झाली, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत पोरं रस्त्यावर आली, रुळांवर उतरली. हा पण होता. तेव्हा कॉलेजात शिकत होता. त्याच्यावर केस लागली. मग तारखा सुरू झाल्या. कॉलेज संपलं, तारखा संपेनात. नोकरीच्या कागदांत केसचा रकाना असतो, तिथं त्याचं पेन अडतं. मागं एकदा त्याला नव्या वर्षाचा जयभीम केला तर म्हणाला, "दादा, मला कसलं नवं वर्ष? जुनी तारीख जाते, नवी तारीख पडते. बस."

त्याचं खोटं नाही. पण त्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना मला महाडच्या केसची पुढची गोष्ट सांगायचीय. ती आपण भाषणात सांगत नाही. भाषण तळ्यावर सुरू होतं आणि तळ्यावरच संपतं. केस मात्र पुढं दहा वर्षं चालली.

१९२८ च्या सुरुवातीला मनाई हुकूम उठला. दावा चालूच राहिला. १९३१ साली महाडच्या कोर्टानं निकाल दिला, आपल्या बाजूनं. सवर्ण गप्प बसले नाहीत, त्यांनी अपील केलं. आणि हे अपील कुठं चाललं माहीत आहे? ठाण्याला. ठाण्याच्या कोर्टात. १९३३ साली तिथंही निकाल आपल्याच बाजूनं लागला. ज्या ठाण्यात आपण रोज उतरतो, चढतो, धक्के खातो, त्या ठाण्यात चवदार तळ्याचा एक निकाल लागलाय. ठाण्यातल्या आपल्या किती पोरांना हे ठाऊक आहे?

तरी ते थांबले नाहीत, हायकोर्टात गेले. तिथं न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला. तळं म्युनिसिपालटीचं, आणि अस्पृश्यांना बंदी ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे हे दावा लावणाऱ्यांना सिद्ध करता आलं नाही. अपील फेटाळलं. तारीख होती १७ मार्च १९३७.

आता मोजा. २० मार्च १९२७ ला पाणी प्यायलं. १७ मार्च १९३७ ला कोर्टानं त्या पाण्यावर शेवटचं शिक्कामोर्तब केलं. दहा वर्षांना तीन दिवस कमी. ओंजळ भरण्यापासून कागद हातात पडेपर्यंत अख्खं एक दशक.

हे आपलं दशक. दुसऱ्याचं दशक शून्यावर सुरू होत असेल. आपलं सातावर सुरू होतं. आणि त्याची लांबी म्हणजे एका ओंजळीची किंमत.

त्या दहा वर्षांत बाबासाहेब कोर्टाच्या पायरीवर निकालाची वाट बघत बसले नव्हते. १९३० च्या २ मार्चला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी गोलमेज परिषद. १९३२ चा पुणे करार, ज्याचा सल अजून जात नाही. १९३५ साली येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा. १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष, १९३७ ला निवडणूक. महाडचा दावा एका बाजूला चालू, तारखा पडताहेत, आणि दुसऱ्या बाजूला सगळं हिंदुस्थानचं राजकारण हलतंय. म्हणून त्या पोराला मी म्हणतो, बाबा रे, तुझ्या प्रतिवादीच्या पिंजऱ्यात तुझ्याआधी कोण उभं होतं ते बघ. महाडच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून पहिलं नाव डॉ. आंबेडकरांचं होतं. तारीख पडणं म्हणजे आयुष्य संपणं नव्हे. तारखेच्या आधी एक दिवस असतो, नंतर एक दिवस असतो. त्या दिवसांचं काय करायचं हे कोर्ट ठरवत नाही.

मी हे गोड करून सांगत नाही. पुढची दशकं मोजली तर त्यांत मारही आहे. सातानं सुरू होणाऱ्या १९४७ साली बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. १९५७ साली ते नव्हते, पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' इंग्रजीतून छापून आला आणि रिपब्लिकन पक्ष निघाला. पक्षाचे तुकडे किती झाले ते वेगळं सांगायला नको. १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळली. नाव मिळालं १९९४ ला, तेही अर्धं. सोळा वर्षं. १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेवरून माणसं रस्त्यावर आली आणि पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण मेले. आणि २०२० ची १४ एप्रिल आठवा. टाळेबंदी होती, विहारं बंद होती, पहिल्यांदाच जयंतीला मिरवणूक नव्हती. आपण घराघरांत मेणबत्त्या लावल्या. आणि त्याच दिवशी आनंद तेलतुंबडे यांना अटक झाली. जामिनावर बाहेर यायला त्यांना नोव्हेंबर २०२२ उजाडलं.

हे सगळं हिशेबात धरायचं. फक्त हिशेब आणि हळहळ यांत फरक आहे. आपल्या धम्मात पाच नीवरणं सांगितलीत, मनाला पुढं जाऊ न देणारी पाच आडकाठ्या. त्यांतली एक आहे उद्धच्च-कुक्कुच्च. उद्धच्च म्हणजे मनाची सैरभैर धावपळ. कुक्कुच्च म्हणजे केलं-न-केल्याची टोचणी, घोकत बसणं, हे असं का झालं, तसं का नाही केलं. लोभ, द्वेष, आळस यांच्याच पंगतीत तिला बसवलंय. गंमत बघा. आपण हळहळीला मोठी संवेदनशीलता समजतो. जास्त हळहळतो तो जास्त निष्ठावंत. धम्म म्हणतो, ती आडकाठी आहे, बाजूला कर.

हिशेब वेगळा. हिशेबात आकडा असतो, नाव असतं, पुढचं काम असतं. 'चळवळ मेली' हा हिशेब नाही. 'आपल्या वस्तीत शिष्यवृत्तीचे सात फॉर्म अडकलेत, दाखला कुठल्या टेबलावर आहे ते बघायला मंगळवारी दोघांनी जायचं' हा हिशेब आहे. आशावाद म्हणजे सगळं ठीक चाललंय असं म्हणणं नव्हे. तसं म्हणणारा एक तर मूर्ख किंवा मंत्री. आपला आशावाद मंगळवारी कोण जाणार एवढाच असतो.

१ जानेवारी २०२७ ला आपलं अकरावं दशक सुरू होतं. २० मार्चला महाडला शंभर वर्षं भरतात. शंभरी साजरी करायला सगळे येतील. मोठे मंडप पडतील, ज्यांनी पुस्तक जाळल्याचं अजून पचवलं नाही तेही हार घेऊन येतील. येऊ देत. आपण मात्र त्या दिवशी ओंजळ भरताना पुढच्या दहा वर्षांचा दावा दाखल करायचा.

कसला दावा? एक सांगतो. २०१९ च्या मे महिन्यात ठाण्यात ढोकाळीला एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले तीन सफाई कामगार गुदमरून मेले. माणसाला असं उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे. महाडला १९२४ च्या ठरावानं तळ्याचा हक्क दिला होता, पण जाऊ देत नव्हते. इथं टाकीत उतरवायला कायद्यानं बंदी आहे, पण उतरवतात. शंभर वर्षांत पाण्याचा प्रश्न तळ्यावरून टाकीत आलाय. ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, एवढ्या पट्ट्यात रोज टॉवर उठताहेत. प्रत्येक टॉवरखाली एक टाकी आहे. त्या टाकीत यापुढं एकही माणूस उतरणार नाही, हा दहा वर्षांचा दावा घ्यायला काय हरकत आहे? प्रत्येक वस्तीतल्या चार पोरांनी आपल्या भागातल्या टाक्या कोण साफ करतं, कशानं करतं, एवढं जरी वहीत उतरवलं तरी महाडपेक्षा लहान काम नाही.

दुसरा दावा तारखांवरच्या पोरांचा. प्रत्येक वस्तीनं आपल्या पोरांच्या केसेसची यादी करावी. कुणाची तारीख कधी, वकील कोण, सोबत कोण जाणार. बाबासाहेबांचा दावा दहा वर्षं चालला पण ते एकटे नव्हते, सोबतचे प्रतिवादी होते, पैसा-अडका बघणारे होते. आपला पोरगा कोर्टाच्या व्हरांड्यात एकटा बसतो ही आपली गोष्ट आहे, कोर्टाची नाही.

तिसरा दावा तुम्ही सांगा. प्रत्येक वस्तीचा वेगळा असेल. कुठं स्मशानाचा, कुठं अभ्यासिकेचा, कुठं पोरींच्या वसतिगृहाचा. पण एकच घ्या आणि दहा वर्षांचा घ्या. एका मोर्चात संपणारा नको. सहा महिन्यांत नाही झालं म्हणून छाती पिटणारा तर नकोच. १९३७ ला निकाल लागला तेव्हा महाडला पाणी प्यालेल्यांतले कितीतरी जण निकाल ऐकायला उरले नसतील. त्यांनी पाणी पिताना हायकोर्टाची वाट पाहिली नव्हती.

यंदाची ३१ डिसेंबरची बैठक विहारातच घ्या. सतरंजी टाका, वही काढा. गटातटाची उजळणी करणाऱ्याला पाच मिनिटं द्या आणि मग त्यालाच विचारा, मंगळवारी कोण जाणार? नाव लिहून घ्या. चहा गरम असतानाच बैठक संपवा. कर्जतमार्गे पुण्याला जाणारी गाडी पकडायची आहे, आणि उद्या एक तारीख आहे.

नव्या वर्षाचा, नव्या दशकाचा जयभीम.